आईची भीती परत वर आलीय, ठाण्यात कोणाकडे न्यावं?

खाडीपलीकडची: मी ऐरोलीला, आई एकटी चरईत. वय ७१. टीव्हीवर कोविडचे आकडे परत दिसायला लागल्यापासून तिचं २०२० सुरू झालंय. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं, कामवाल्या मावशींना दारातूनच परत पाठवणं. तलावपाळीची फेरी बंद. ऑक्सिमीटर दिवसातून वीसेकदा. ९७ आला की लगेच मला फोन, "काल ९८ होता गं." "काही होत नाही" म्हणून म्हणून मी दमले. बाबा दुसऱ्या लाटेत गेले, एप्रिल २०२१. मानसोपचार म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर ठाण्याचं मेंटल हॉस्पिटलच येतं, त्यामुळे विषयच काढता येत नाही.

नौपाड्याचे_काका: आधी केबल काढा. निम्मं दुखणं तिथेच आहे.

निवृत्त_सिस्टर: काका, केबल काढली तर मोबाईल आहेच :) बातम्या दिवसातून एकदा, त्याही पेपरात.

ऑक्सिमीटर हिसकावू नका, नवा मागवतील. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं, मधे नाही. बोट गार असलं तरी एखादा आकडा इकडेतिकडे होतो. आणि "काही होत नाही" बंद करा. त्याने दहा मिनिटं बरं वाटतं, मग परत विचारावंसं वाटतं.

झोप-जेवण उडालं असेल तर मात्र थांबू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६: सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईंनीच करायला हवा असं नाही, तुम्ही करा. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली. "माझी झोप होत नाही, सोबत चल" म्हणून न्या. खोटंही नाही ते. मेंटल हॉस्पिटलचं म्हणाल तर तिथेही ओपीडीत दाखवून, औषध घेऊन लोक घरी जातात.

एक विचारू? बाबांना शेवटचं पाहायला मिळालं होतं का?

खाडीपलीकडची: नाही. अँब्युलन्स खाली आली, ते स्वतः जिना उतरून गेले. नंतर एकच व्हिडिओ कॉल. ऑक्सिमीटर त्यांचाच आहे. हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं.

निवृत्त_सिस्टर: मग आजाराबद्दल कमी बोला, बाबांबद्दल जास्त. तेव्हा दिवसकार्यालाही कोणी आलं नसेल. यंदा तिथीला चार माणसं बोलवा.

खाडीपलीकडची: शनिवारी जातेय. आत्ताच फोन आला होता, ९७. मी विचारलं, बाबा कुठे बसून मोजायचे गं? पाऊण तास बोलत होती.