निधीसाठी कात्रज ते सिंहगड: पैसे कसे जमवावेत, आणि मुलांना सोबत न्यावे का?

सहकारनगर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचा तीस-चाळीस जणांचा गट येत्या हिवाळ्यात कात्रज ते सिंहगड हा पुण्याजवळचा रात्रीचा ट्रेक करणार आहे आणि त्यानिमित्ताने निधी गोळा करावा, असे आम्ही ठरवले आहे. हा निधी वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी द्यायचा आहे. ज्या वयात आपल्या घरची मुले बारावीनंतर काय करायचे यावर आईवडिलांशी वाद घालत असतात, त्याच वयात या मुलांना राहण्याची खोली, दोन वेळचे जेवण आणि शिक्षणाचा खर्च यांची सोय स्वतःच पाहावी लागते, आणि शहराला त्याची फारशी जाणीव नसते, हे आम्हाला फार टोचते.

गटातील काहींची सूचना अशी आहे की, प्रत्येक सदस्याने नातेवाइकांकडून व सहकाऱ्यांकडून वाटेतल्या प्रत्येक टेकडीमागे ठरावीक रकमेचा शब्द घ्यावा. काहींना वाटते की ज्यांच्यासाठी हे करायचे त्या मुलांनाही चालायला बोलवावे. या दोन्ही सूचना योग्य आहेत का, आणि पैसे आमच्यापैकी कोणाच्या खात्यात जमा केले तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जमाखर्च यांचे उत्तर

पैसे सदस्याच्या वैयक्तिक खात्यात मुळीच घेऊ नका. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी जमवायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते. गणेशोत्सवापूर्वी मंडळे जी परवानगी काढतात ती याच कलमाखाली. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की, या मुलांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था आधी निश्चित करावी, तिची नोंदणी व लेखापरीक्षित हिशेब पाहावेत आणि देणगीदारांनी थेट तिच्याच खात्यात रक्कम भरावी. देणगीवर आयकरात मिळणाऱ्या, ‘८०जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीचे प्रमाणपत्र संस्थेकडूनच मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ही सवलत नाही आणि नव्या करप्रणालीची निवड करणाऱ्यांनाही ती मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगितलेले बरे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रेकचा खर्च. बस, नाश्ता, वाटाड्या, टी-शर्ट हे सर्व चालणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून भरावे आणि देणगीतील एक रुपयाही त्यासाठी वापरू नये. एखाद्याने मुलाच्या खानावळीसाठी दिलेले पैसे आपल्या छापील टी-शर्टवर खर्च होणे मला अत्यंत अनुचित वाटते.

घसारा यांचे उत्तर

टेकडीमागे रक्कम ही कल्पना मोहक असली तरी कृपया सोडून द्या. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून, वाघजाईच्या देवळापासून सुरू होणारी ही वाट सिंहगडापर्यंत तेरा-चौदा टेकड्या चढत-उतरत जाते, आणि लोक थकतात ते चढांनी नव्हे, तर सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावरून उतरताना. मध्यरात्रीनंतर एखाद्याचा गुडघा दुखू लागला, तर त्याने थांबायला हवे. पण पुढच्या प्रत्येक टेकडीवर कोणी तरी पैसे लावलेले असतील, तर तो थांबत नाही, आणि म्होरक्यालाही त्याला थांबवणे जड जाते. म्हणून देणगी ट्रेकच्या आधीच जमा व्हावी आणि ती ट्रेक पूर्ण होण्यावर अवलंबून नसावी. धुके किंवा अवकाळी पाऊस आल्यास तुम्हाला निःसंकोच माघार घेता आली पाहिजे.

वाटेत पाण्याची सोय नाही, त्यामुळे प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी सोबत घ्यावे. चालीप्रमाणे सात ते दहा तास लागतात. तीस-चाळीस जणांची एकच रांग अंधारात आवरत नाही. दहा-दहांच्या तुकड्या करून प्रत्येक तुकडीच्या पुढे आणि शेवटी वाट माहीत असलेला माणूस ठेवावा. बराचसा भाग वनखात्याच्या हद्दीत येतो, तेव्हा रात्री जाण्याविषयी त्यांच्याकडे आधी विचारणा करणे आवश्यक आहे. अपघात झाल्यास बचावपथकांशी समन्वय साधणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आधीच असावा.

गटात नवखे अधिक असतील, तर त्यांनी पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून वर सर्वांना भेटावे. त्यांची देणगी त्यामुळे कमी मोलाची ठरत नाही.

पालवी यांचे उत्तर

मी या वयोगटातील मुलांसोबत काम करते, म्हणून दुसऱ्या सूचनेविषयी लिहिते. मुलांना अवश्य बोलवा, परंतु इतरांप्रमाणेच, म्हणजे ज्याला डोंगराची आवड आहे त्याला. ‘आमचे लाभार्थी’ म्हणून त्यांना मंचावर उभे करणे, त्यांच्याकडून आभाराचे भाषण करवून घेणे, देणगीदारांसोबत त्यांची छायाचित्रे काढणे यांपैकी काहीही करू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. अठरा वर्षांवरील तरुण स्वतःची संमती देऊ शकतो हे खरे, पण ज्यांच्या मदतीवर तो अवलंबून आहे त्यांना तो नकार कसा देणार?

याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. नियमांनुसार अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीचा, आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो, तसेच राज्यात अनुरक्षणगृहेही आहेत. तरीही बाहेर पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत मुले अडतात ती अगदी साध्या ठिकाणी: खोलीची अनामत रक्कम, खानावळीचे आगाऊ पैसे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाण्यायेण्याचा बसपास, आणि भाडेकरारासाठी ‘ओळखीचे कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तर. यांतील शेवटची अडचण पैशाने सुटत नाही.

१९०९ मध्ये याच पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, ज्याला आज आपण पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखतो. त्यापूर्वीही गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी, जेवत आणि शिकत. मदतीमागे रोजचा परिचय असला की मुलगा तग धरतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून तुमच्या चाळीस जणांपैकी चार-पाच जणांनी जरी संस्थेच्या संमतीने एकेका तरुणाशी वर्षभर संपर्क ठेवला, घरमालकाशी बोलायला त्याच्यासोबत गेले, मुलाखतीची तयारी करून घेतली, तर तो निधीइतकाच मोठा आधार होईल.

सहकारनगर

सर्वांचे मनापासून आभार. टेकडीमागे रक्कम घेण्याचा विचार आम्ही सोडला आहे, आणि देणग्या थेट संस्थेच्या खात्यात, ट्रेकच्या आठवडाभर आधीपर्यंत स्वीकारल्या जातील. पालवीताई, वर्षभर संपर्क ठेवण्यास सहा जण तयार आहेत. त्यांना संस्थेने काही प्रशिक्षण द्यावे, अशी मागणी आम्ही करावी का?

पालवी

अवश्य करा, आणि पोलीस पडताळणी व लेखी आचारसंहिता यांचाही आग्रह तुम्हीच धरा. ज्या संस्थेला हे आग्रह जाचक वाटतील, तिच्याऐवजी दुसरी संस्था शोधा.