मदत हवी आहे: कंबरदुखीसाठी मशीन चालू ठेवू की नुसता व्यायाम?

वय ३८, हिंजवडीत आयटीत, दिवसभर खुर्ची. दिवाळीपासून कंबर दुखतेय, बेल्टच्या रेषेत. पायात कळ, मुंग्या, बधिरपणा नाही. लघवी-शौचाची तक्रार नाही, ताप नाही, वजन स्थिर. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमध्ये) किरकोळ डिस्क बल्ज, म्हणजे मधली चकती थोडी बाहेर फुगलेली. ऑर्थोपेडिक म्हणाले, असा बल्ज काहीच न दुखणाऱ्यांतही सापडतो. ऑपरेशन नको, फिजिओ करा.

ऑफिसजवळच्या फिजिओकडे आयएफटी (मशीनने सौम्य विजेचा प्रवाह), शेक, ट्रॅक्शन (मशीनने कंबरेला ताण) झालं. टेबलावरून उठताना मस्त वाटतं, घरी जाताना वाटेत चांदणी चौक येईपर्यंत ये रे माझ्या मागल्या. व्यायामाचा मात्र एक झेरॉक्स कागद हातात दिला, बस्स. त्यातलं पालथं पडून हातांवर उठणं मानवतं. ब्रिजिंग (उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) केलं की दुसऱ्या दिवशी मोजे घालताना कंबर धरते, दुपारपर्यंत सुटते. खुर्ची बदलली, स्क्रीन उंच केला, फारसा फरक नाही. पेनकिलरने ॲसिडिटी होते. सकाळी घरी अर्धा तास मिळतो, जिम जमणार नाही.

ब्रिजिंगनंतर एवढं दुखणं चालतं का? म्हणजे आवर्तनं कमी करून चालू ठेवू की तो प्रकारच सोडू? आणि मशीनऐवजी व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारा फिजिओ हवा असेल, तर पहिल्या भेटीत काय विचारलं की ते कळतं?