प्रतिसाद: एकच नियामक? अर्धं पटलं

वीज, गॅस, पाणी, टेलिकॉम, रेल्वे या सगळ्यांवर एकच नियामक (दर आणि नियमांवर लक्ष ठेवणारी संस्था) बसवला की ग्राहकाला या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवण्याची टोलवाटोलवी थांबेल, हे म्हणणं मला अर्धंच पटतं.

साम्य आहे, ते नाकारत नाही. जर्मनीत वीज, गॅस, टेलिकॉम, टपाल आणि २००६ पासून रेल्वेमार्गांचा वापर, असं सगळं 'बुंडेसनेट्झआगेंटुर' या एकाच नियामक संस्थेकडे आहे. कारण मूळ प्रश्न तोच: तार, नळी किंवा रूळ ज्याच्या मालकीचा, त्याने तो प्रतिस्पर्ध्याला किती भाड्याने वापरू द्यायचा? हा हिशेब जमणारी माणसं मुळात कमी, ती पाच कार्यालयांत विखुरण्यापेक्षा एका छताखाली बरी. विजेच्या खांबावरून फायबर न्यायची तर खांबाचं भाडं कोण ठरवणार, असले सीमेवरचे तंटेही घरातच मिटतात. (निदान मिटायला हवेत!)

पण पाण्याचं काय? एकाच नळाला दोन कंपन्या जोडून ग्राहकाला निवड देता येत नाही. तिथे भांडण गळती, शुद्धता आणि जमिनीखाली दशकानुदशकं पडून असलेल्या वाहिन्या बदलण्याच्या खर्चाचं. जर्मनीतही पाणी या संस्थेच्या बाहेरच आहे. ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेचे नियामक एकत्र करून ऑफजेम झालं, तेव्हाही पाण्याचं ऑफवॉट वेगळंच राहिलं.

आणि टोलवाटोलवी एका इमारतीत आणली म्हणून संपत नाही, फक्त बाहेरून दिसेनाशी होते. ग्राहकाचा त्रास तेवढाच असेल तर तक्रारीची खिडकी एक करा. दर ठरवणारे वेगळे राहिले तर बिघडलं कुठे?