वरच्या मजल्याचा कॉलम खाली कुठे जातो? दुमजली घरांनाही भारमार्गाचा नियम हवा का?

रचना अभियंता, विजापूर रोड
जुळे सोलापुरात एक प्रकार वारंवार दिसतो. पहिल्या मजल्याचा स्लॅब रस्त्याच्या बाजूला तीन-चार फूट बाहेर काढलेला असतो, त्या कडेवर नऊ इंची भिंत चढवलेली असते आणि भिंतीच्या कोपऱ्यात नवा कॉलम उभा केलेला असतो. हा कॉलम फुटिंगपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या पायापर्यंत, जातच नाही. तो बीमच्या टोकावर उभा असतो. तीन मीटर उंचीची अशी भिंत गिलाव्यासह धावत्या मीटरला साधारण दीड टन भरते. त्यात हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन, आणि आपल्याकडे पाणी रोज येत नसल्याने एका टाकीवर कोणाचेच भागत नाही. स्लॅबचा भार बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून फुटिंगमध्ये आणि काळ्या मातीखालच्या मुरुमात कुठेही न तुटता उतरावा, एवढेच भारमार्गाचा नियम मागतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानक संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार सोलापूर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते, आणि भूकंपाचा आडवा भार पेलणाऱ्या मुख्य सांगाड्यात असा तरंगता कॉलम नसावा, असे तीच संहिता सांगते. घर लहान आहे म्हणून यात सवलत देऊ नये, असे माझे मत आहे.

घरमालक, जुळे सोलापूर
मत मान्य नाही. माझा प्लॉट हजार चौरस फुटांचा आहे. बाजूच्या जागा सोडल्यावर दहा बाय दहाच्या खोल्या निघतात. भूकंपासाठी सळया-रिंगांचा तपशील ठरवणाऱ्या आयएस १३९२० प्रमाणे कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर हवी. भिंत २३० ची, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात ७० मिलिमीटरचा खुंट बाहेर येणार आणि कपाट बसणार नाही. किल्लारीत पडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची घरे. त्याचा धाक आरसीसीच्या घरांना का? आमच्या आजोबांचे माळवद तर कोणत्याही संहितेशिवाय उभे आहे.

रचना अभियंता
माळवदाचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. त्या खणात तुळईखाली लाकडी खांब आहे आणि खांबाखाली थेट दगड आहे. वरच्या मातीचा भार कुठेही हवेत लोंबकळत नाही. किल्लारीचा मुलूख ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या वेळी भूकंपक्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता, हेही विसरू नये. आणि आरसीसीचेच म्हणाल, तर २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

ठेकेदार, अक्कलकोट रोड
दोघांचेही अर्धे पटते. नियम बरोबर आहे, पण तो कागदावर पाळला जातो. नकाशाला अभियंत्याची सही असते. बीम आणि कॉलम जिथे मिळतात त्या सांध्यात रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी लोखंडी कडी) पडल्या की नाही, हे पाहायला काँक्रीट ओतण्याआधी कोणी येत नाही. रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरले पाहिजे. सळया वाकवून बांधणारा बारबेंडर ते ९० अंशांतच सोडतो, कारण बीमच्या सळया आत आल्यावर तिथे हात जात नाही. सांध्यातल्या दोन-तीन रिंगा तर तो सरळ गाळतो. संध्याकाळी स्लॅब भरला की विषय संपला. शिवाय राहण्यासाठी म्हणून चौरस मीटरला २०० किलो धरून काढलेल्या स्लॅबवर पुढे यंत्रमाग बसतात (आपल्या गावात हे कोणाला सांगायला नको), तेव्हा मूळ हिशेबाला काय अर्थ उरतो? माझे म्हणणे असे, की कॉलमच्या मापावरून घरमालकाला छळण्याऐवजी ओतण्याआधीची ती एक तासाची तपासणी सक्तीची करावी.

रचना अभियंता
तपासणीबद्दल पूर्ण सहमत. मात्र मापाचा मुद्दा त्यापासून तोडता येत नाही. नऊ इंची कॉलममध्ये दोन्ही बाजूंची काँक्रीटची आवरणे आणि रिंगा वजा जाता बीमच्या सळयांना जागाच राहत नाही, आणि तुमचा बारबेंडर रिंगा गाळतो तो नेमका याच अडचणीपायी.

घरमालक
हे मात्र आजवर कोणी समजावले नव्हते. माझा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. रस्त्याकडच्या कडेवरची भिंत आणि कॉलम रद्द करून तिथे नुसते लोखंडी रेलिंग लावतो. तुम्ही म्हणता तसे ओतण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याला बोलावतो आणि त्याची फी वेगळी देतो. ३०० मिलिमीटरच्या सरसकट अटीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. हजार फुटांच्या प्लॉटवर ती जाचकच आहे.