कोबाल्ट-झिंक ऑक्साइडची फिल्म: लूप फिल्मचा की चिमट्याचा?

गोदाकाठ:
नाशिकला कॉलेजच्या लॅबमध्ये स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) ५ टक्के कोबाल्टची झिंक ऑक्साइड फिल्म काढतोय. ०.१ मोलर द्रावण, हॉटप्लेट ४२० अंशांवर, जाडी २०० नॅनोमीटर. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ३४.४ अंशांना झिंक ऑक्साइडचा ००२ चा पीक, दुसरं काही नाही. ५ बाय ५ मिलिमीटरच्या तुकड्याला व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) रूम टेंपरेचरला हिस्टेरेसिस लूप येतो, सॅच्युरेशन ६० मायक्रो-ईएमयू (चुंबकीय मोमेंटचं एकक). फिल्मचा फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व) म्हणून लिहू का? द्रावणही गढूळ होतं, फिल्मवर पांढरे ठिपके पडतात.

लोहचुंबक:
एवढ्यात नको. आधी हिशेब करा. त्या तुकड्यात कोबाल्टचे अणू साधारण १०^१६. प्रत्येकी ३ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) धरले तरी सगळे मिळून २९० मायक्रो-ईएमयूच्या आसपास. आता लोखंड बघा: एका मायक्रोग्रॅमचे जवळपास २२० होतात. म्हणजे पाव मायक्रोग्रॅम, डोळ्याला न दिसणारा कण, तुमचा अख्खा लूप देऊ शकतो. स्टीलचा चिमटा, काचकटरचं चाक, अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे लॅब असेल तर ग्राइंडिंगची धूळसुद्धा! प्लास्टिकचा चिमटा घ्या. त्याच कटरने कापलेली कोरी काच आणि कोबाल्टविना काढलेली फिल्म, दोन्ही मोजा. काचेचा डायमॅग्नेटिक उतार (काच चुंबकापासून किंचित दूर ढकलली जाते, त्याची सरळ रेषा) वजा केला असेलच.

फवारा:
गढूळपणा हायड्रॉक्साइडचा. १०० मिलीला झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.०८५ ग्रॅम, कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेट ०.१२५ ग्रॅम, आणि द्रावण नितळ होईपर्यंत ॲसेटिक ॲसिड थेंबाथेंबाने. ठिपके बहुधा मोठ्या थेंबांचे: काच गार पडते, थेंब पुरता न सुकता आदळतो. १० सेकंद फवारा, ३० सेकंद थांबा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) प्लेटवर नको, काचेच्या वरच्या बाजूला टेकवा. पावसाळ्यात कंप्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप रोज रिकामा करा.

कणाद_०७:
एक्सआरडी स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही नॅनोमीटरचे धातूचे कण त्यात सुटतात. फिल्म हिरवट दिसते का? यूव्ही-व्हिजिबल शोषणात ५६७, ६१२, ६६० नॅनोमीटरच्या आसपास पट्टे आले तर कोबाल्ट झिंकच्या जागी बसलाय, पण सगळाच बसलाय असं त्यातून ठरत नाही. Co₃O₄ चा (कोबाल्टच्या ऑक्साइडचा) संशय इथे सोडा, तो ४० केल्विनखालीच अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे मोमेंट उलटसुलट, बेरीज शून्य). व्हॅक्यूममध्ये किंवा हायड्रोजनमध्ये ॲनील केलं (तापवून ठेवलं) असेल तर मात्र कोबाल्ट धातू आधी शोधा. स्क्विडवर (अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटरवर) झेडएफसी-एफसी (चुंबकीय क्षेत्राविना आणि क्षेत्रात गार करून घेतलेले वक्र) काढा.

गोदाकाठ:
कोरी काच मोजली: ४५ मायक्रो-ईएमयूचा लूप! चिमटा स्टीलचाच होता. कडा पातळ हायड्रोक्लोरिकने धुऊ का?

लोहचुंबक:
फिल्मसकट नको, झिंक ऑक्साइड विरघळेल. आधी काच कापा, ॲसिडने धुवा, मग फवारा.