गोचिडाची लाळग्रंथी: गुच्छांचा दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा ओळखायचा कसा?

मदत हवी आहे. सोलापूरजवळच्या खिलार गायींवरून काढलेल्या हायलोमा वंशाच्या गोचीड माद्यांच्या लाळग्रंथी तपासतेय. सलाइनमध्ये पाठ उघडली की द्राक्षाच्या घडासारखी पांढुरकी जोडी लगेच दिसते. मादीच्या ग्रंथीत पेशींच्या गुच्छांचे तीन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचे गुच्छ सोपे: पुढच्या मुख्य नळीलाच चिकटलेले, आत स्रावाचे कण नाहीत. घोळ त्यानंतर. मिथाइल ग्रीन पायरोनिनने अख्खी ग्रंथी रंगवली, तर दुसरा-तिसरा दोन्ही सारखेच गुलाबी! टम्म फुगलेल्या माद्या घेत नाही, गळून पडल्यावर काही दिवसांत त्यांची ग्रंथी विरते. अर्धवट प्यायलेल्याच घेते. थायलेरिया (गोचिडातून गायींना होणाऱ्या आजाराचा परजीवी) मुख्यतः तिसऱ्या प्रकारात वाढतो, म्हणून फरक कळायलाच हवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळणार नाही, ग्रंथी पॅराफिन मेणात बसवून ५ मायक्रॉनचे काप मात्र घेता येतील. त्या कापांवर कोणता रंग वापरू, आणि प्रकार कणांवरून ठरवू की मधल्या पोकळीवरून?