‘स्पेस शटल’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ मागावरचा धोटा. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा धागा घेऊन धोटा जितक्या वेळा जातो तितक्याच वेळा परततो, आणि म्हणूनच १९८१ ते २०११ या काळात १३५ वेळा अंतराळात झेपावलेल्या अमेरिकी यानांना ते नाव शोभले. ‘अंतराळयान’ या शब्दात परतण्याची ही खूण नाही. ‘धोटायान’ कानाला खटकते. ‘फेरीयान’ मला त्यातल्या त्यात बरे वाटते.

खरी अडचण ‘पुनर्वापरयोग्य’ या विशेषणाची आहे, कारण ते सरसकट सगळ्या जोडणीला लावले जाते. घन इंधनाचे दोन बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा जोर देणारी रॉकेटे, उड्डाणानंतर सुमारे २ मिनिटांनी सुटत, हवाई छत्र्यांच्या आधाराने समुद्रात पडत आणि जहाजांनी ओढून आणल्यावर सुटे करून, नव्याने इंधन भरून पुन्हा वापरले जात. ऑर्बिटर, म्हणजे पंख असलेले मुख्य यान, धावपट्टीवर परत येई. मात्र त्याच्या ३ मुख्य इंजिनांना द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन पुरवणारी बाहेरची प्रचंड टाकी सुमारे साडेआठ मिनिटांत आपले काम संपवून वातावरणात नष्ट होई. तेव्हा ‘अंशतः पुनर्वापरयोग्य’ हेच नेमके.

ऑर्बिटरला उष्णतेपासून वाचवण्यासाठी त्याच्या अंगावर बसवलेल्या ‘टाइल’साठी लादी की कौल, हा प्रश्न अधिक रंजक आहे. बाहेरच्या तापापासून आतल्याला वाचवणे हे काम कौलाचे. पण कौले एकमेकांवर चढवलेली असतात, तर ऑर्बिटरच्या टाइल शेजारी शेजारी, मध्ये बारीक फट ठेवून चिकटवलेल्या असत. सिलिकाच्या तंतूंची ही वस्तू बहुतांशी हवाच असल्याने अतिशय हलकी आणि ठिसूळ असे. खालचे ॲल्युमिनियमचे अंग ताणले गेले तर ती तडकू नये म्हणून मध्ये नमद्याचा थर घातलेला असे. मांडणी पाहून मी ‘उष्णतारोधक लादी’ म्हणेन, जरी हिच्यावर पाय ठेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती.

‘विमानासारखे उतरले’ ही बातम्यांतली नेहमीची शब्दयोजनाही पुरती खरी नाही. उतरताना मुख्य इंजिने बंदच असत, त्यामुळे धावपट्टी चुकली तर पुन्हा वर उठून घिरटी घालण्याची सोय वैमानिकाला नव्हती. ‘ग्लायडरसारखे उतरले’ असे लिहावे.